घरातील जुन्या तबकड्या सुरक्षितपणे कशा स्वच्छ कराव्यात?

खाजन

नमस्कार मंडळी. फोंडा तालुक्यातील आमच्या जुन्या घराची डागडुजी सुरू आहे आणि माळ्यावरच्या लाकडी पेटीतून शंभरावर तबकड्या खाली उतरवल्या आहेत. त्यांत नाट्यसंगीताच्या आणि शास्त्रीय गायनाच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जड तबकड्या अधिक आहेत. काही ४५ फेऱ्यांच्या लहान कोकणी गाण्यांच्या आहेत आणि मोझांबिकहून परतलेल्या एका शेजाऱ्यांनी आजोबांना दिलेल्या फादो या पोर्तुगीज गीतप्रकाराच्या लाँग प्लेही आहेत. केसरबाई केरकरांच्या दोन तबकड्या पाहून तर मी कामगारांना हात लावू नका असे सांगून पेटीच माझ्या खोलीत आणून ठेवली.

सगळ्यांवर धुळीचा थर आहे, बऱ्याच तबकड्यांवर बोटांचे ठसे आहेत आणि काहींवर पांढरे ठिपके पसरले आहेत. कागदी पाकिटे कसरीने खाल्ली आहेत. घरी आलेल्या सुताराने स्पिरिटने पुसायला सांगितले, वहिनी भांड्यांच्या द्रव साबणाने धुवा म्हणते आणि एका परिचिताने पांढरा गोंद पसरून तो वाळल्यावर सोलून काढण्याची पद्धत सुचवली. तीनही सल्ले ऐकून मी काहीच केलेले नाही. ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सांगावे: कशाने स्वच्छ करावे, कशाने मुळीच करू नये आणि सुरुवात कुठून करावी?

रसायनवाचक

खाजन, काहीच केले नाही हे फार चांगले झाले. सुताराचा सल्ला त्याच्या धंद्यात बरोबर आहे आणि नेमक्या त्याच कारणाने तुमच्या तबकड्यांसाठी घातक आहे. सुतार चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून लाकडाला पॉलिश करतो. तुमच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या त्याच लाखेच्या आहेत. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर वाढणाऱ्या लाखेच्या किड्यांपासून मिळणारी राळ, त्यात भर म्हणून दगडाची बारीक पूड, रंगासाठी काजळी आणि थोडे कापसाचे तंतू असे मिश्रण तापवून ती दाबून घडवत. स्पिरिट लागले की राळ मऊ पडते, पृष्ठभागाची चमक जाते आणि खाचांच्या भिंतींवर कोरलेला आवाज पुसला जातो. हे नुकसान कोणत्याही उपायाने भरून निघत नाही. हाताला लावण्याचे निर्जंतुक द्रव, काच पुसण्याचे फवारे, अत्तर, आफ्टरशेव्ह यांपैकी बहुतेकांत अल्कोहोल असते, तेव्हा तेही ७८ च्या जवळपास आणू नका.

लाँग प्ले आणि बहुतेक ४५ फेऱ्यांच्या तबकड्या व्हिनाइलच्या, म्हणजे एका प्रकारच्या प्लॅस्टिकच्या असतात. कोलंबिया कंपनीने १९४८ साली ३३⅓ फेऱ्यांची लाँग प्ले बाजारात आणली आणि पुढच्याच वर्षी आरसीएने ४५ फेऱ्यांची तबकडी काढली. दोन्ही पदार्थांचा स्वभाव वेगळा आहे, म्हणून पहिले काम स्वच्छता नव्हे, वर्गवारी. दोन ढीग वेगळे केल्याशिवाय पाण्याची बाटलीसुद्धा उघडू नका.

अबोली

वर्गवारीबद्दल थोडे लिहिते, कारण नुसता फेऱ्यांचा आकडा वाचून माणसाची फसगत होऊ शकते. भारतात १९६० च्या दशकातही ७८ च्या तबकड्या निघत होत्या आणि परदेशात काही ७८ व्हिनाइलवरही काढल्या गेल्या. लाखेची तबकडी हातात घेताच वजन जाणवते. ती कडक असते आणि कडेला नखाने हलकेच टकटक केले तर काचेच्या बशीसारखा कोरडा आवाज येतो. व्हिनाइलचा आवाज दबका असतो. वाकवून पाहण्याचा मोह मात्र टाळा, कारण लाखेची तबकडी वाकत नाही, ती तुटते. शंका राहिली तर ती लाखेचीच आहे असे धरून चाला, म्हणजे वाईटात वाईट एवढेच होईल की एखादी व्हिनाइलची तबकडी तुम्ही गरजेपेक्षा अधिक जपून हाताळाल.

एक तिसरा प्रकारही आहे. मधल्या छिद्राशी किंवा कडेला धातूचा पत्रा डोकावत असेल आणि वर काळा लेप असेल, तर ती नभोवाणी केंद्रावर किंवा खासगी मुद्रणात थेट कोरलेली लॅकर तबकडी असू शकते. पणजीला १९६१ पूर्वी इमिसोरा दे गोवा हे केंद्र होते, त्यामुळे गोव्यातील जुन्या घरांत अशी एखादी तबकडी निघण्याची शक्यता मी सोडून देणार नाही. अशा तबकडीची बहुधा दुसरी प्रत कुठेच नसते. तिला पाणी लावू नका, पुसू नका, वाजवूही नका. कागदात गुंडाळून उभी ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

कुळागर

आमच्याकडे देवाची चांदी आणि रेशमी वस्त्रे रिठ्याच्या पाण्याने धुतात आणि त्यांना काही होत नाही. रिठा नैसर्गिक आहे, त्यात स्पिरिट नाही. व्हिनाइलच्या तबकड्यांना रिठ्याचे पाणी का चालू नये?

रसायनवाचक

कुळागर, प्रश्न रास्त आहे. रिठ्यात सॅपोनिन असते आणि ते खरोखरच फेस करते, मळ सैल करते. अडचण वेगळीच आहे. रिठ्याच्या काढ्यात फळाच्या गराचे बारीक कण, साखर आणि रंगद्रव्ये राहतात. वस्त्र पिळून निघते, चांदी घासून निघते. तबकडीची खाच मात्र केसापेक्षा अरुंद असते आणि तिच्या तळाशी जे सुकते ते तिथेच राहते. पावसाळ्यात बुरशीला साखरेपेक्षा आवडते खाद्य दुसरे नाही.

भांड्यांच्या साबणाबद्दलही हेच म्हणेन. त्यात सुगंध असतो, रंग असतो, घट्टपणासाठी मीठ असते. जे धुतल्यानंतर मागे काही ठेवत नाही तेच तबकडीसाठी योग्य. म्हणून संग्रहालयांमध्ये शुद्ध पाणी आणि त्यात अगदी थोडा अ-आयनिक, म्हणजे पाण्यात विद्युतभारित कण न होणारा मळनाशक एवढेच वापरतात. प्रमाण पाव ते अर्धा टक्का, म्हणजे लिटरभर पाण्याला अडीच ते पाच मिलिलिटर. प्रयोगशाळांना रसायने पुरवणाऱ्या दुकानांत असा द्रव मिळतो. फोटोची फिल्म धुतल्यावर पाण्याचे डाग पडू नयेत म्हणून वापरतात तो कोडॅकचा फोटो-फ्लो द्रवही पुष्कळ संग्राहक वापरतात. फिल्मसाठी तो १ ला २०० या प्रमाणात घालतात आणि तबकडीसाठी त्याहून जास्त कधीच नको.

म्हापशाचा_श्रोता

रसायनवाचक यांच्या बहुतेक मतांशी मी सहमत आहे, मात्र व्हिनाइलच्या बाबतीत अल्कोहोलवर सरसकट बंदी मला पटत नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आणि हणजूणच्या बुधवारच्या बाजारात मिळालेल्या लाँग प्लेवर इतका चिकट, तेलकट थर असतो की नुसत्या पाण्याने तो हलत नाही. पाण्यात एक दशांश ते एक पंचमांश आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळून, मऊ कापडाने खाचांच्या दिशेने फिरवून, लगेच शुद्ध पाण्याने धुऊन मी अनेक तबकड्या वाचवल्या आहेत आणि त्या वर्षानुवर्षे उत्तम वाजत आहेत. बाजारात मिळणाऱ्या कित्येक तयार द्रवांतही ते असते.

रसायनवाचक

तुमच्या तबकड्या वाजत आहेत हे मी नाकारत नाही. माझा आक्षेप दोन गोष्टींना आहे. पहिली अशी की व्हिनाइलमध्ये तबकडी टिकाऊ राहावी म्हणून घातलेली द्रव्ये असतात आणि वारंवार अल्कोहोल लावल्याने ती पृष्ठभागातून निघून जाण्याचा धोका संग्रहपाल मानतात. पातळ द्रावण आणि थोडा वेळ असेल तर धोका कमी, एवढेच. दुसरी गोष्ट खाजन यांच्या घरापुरती आहे. त्यांच्यासमोर एकाच टेबलावर लाखेच्या आणि व्हिनाइलच्या तबकड्या असतील, घरातील माणसे मदतीला येतील आणि बाटल्या सारख्याच दिसतील. ज्या घरात ७८ च्या तबकड्या आहेत त्या घरात स्वच्छतेच्या टेबलावर अल्कोहोलची बाटली असूच नये, असे माझे ठाम मत आहे.

म्हापशाचा_श्रोता

हा दुसरा मुद्दा मान्य आहे. खाजन यांनी अल्कोहोलशिवायच सुरुवात करावी आणि एखादी लाँग प्ले अगदीच दाद देत नसेल तर ती बाजूला ठेवावी.

मांडवी

आता प्रत्यक्ष कृती लिहिते. मी दर हिवाळ्यात थोड्या थोड्या तबकड्या धुते.

प्रथम कोरडी स्वच्छता. पेटीतून काढलेल्या तबकडीवर वाळूचे, सिमेंटचे कण असतात, विशेषतः घराची डागडुजी सुरू असताना. ओले कापड फिरवले की तेच कण काचकागदासारखे खाच ओरबाडतात. म्हणून फोटोच्या भिंगासाठी मिळणाऱ्या रबरी फुंकणीने धूळ उडवा, मग शेळीच्या केसांचा किंवा तितकाच मऊ रुंद ब्रश खाचांच्या दिशेने, म्हणजे वर्तुळाकार फिरवा. केंद्रापासून कडेकडे आडवे कधीही पुसू नका. तोंडाने फुंकर मारू नका, कारण थुंकीचे थेंब पडतात.

त्यानंतर लेबल झाकणे. लेबल कागदाचे असते, त्यावरचा रंग पाण्यात उतरतो आणि ते भिजून फुगले की तबकडीचे अर्धे वैभव गेले. लाँग प्लेचे लेबल साधारण चार इंचांचे आणि ७८ चे तीन-सव्वातीन इंचांचे असते. त्याहून किंचित मोठी अशी प्लॅस्टिकची दोन झाकणे घ्यावीत, आतल्या कडेला सायकलच्या ट्यूबमधून कापलेली रबराची वर्तुळाकार पट्टी चिकटवावी, मधोमध भोके पाडून दोन्ही बाजूंनी झाकणे लावावीत आणि तबकडीच्या छिद्रातून सहा मिलिमीटरचा बोल्ट घालून पंखनट हाताने, बेताने आवळावा. पकडण्यासाठी आयतीच मूठ मिळते आणि खाचांना बोट लागत नाही. लाखेच्या तबकडीवर नट जोराने आवळला तर छिद्राशी तडा जातो. रबर लेबलाला नुसते टेकले की पुरे.

मग धुणे. टेबलावर जाड पंचा अंथरून त्यावर तबकडी ठेवा, तबकडीयंत्रावर ठेवून धुऊ नका. रसायनवाचक यांनी सांगितलेले द्रावण फवाऱ्याने किंवा पिचकारीने पसरवा, मिनिटभर थांबा, मग रंगकामाचा मखमली पॅड किंवा धागे न सुटणारे मायक्रोफायबरचे कापड हलक्या हाताने चार-पाच वेळा गोल फिरवा. जोर लावू नका, मळ सोडवण्याचे काम द्रवाला करू द्या. दुसऱ्या, स्वच्छ कापडाने ते टिपून घ्या आणि नंतर निव्वळ शुद्ध पाण्याने दोनदा खळाळून घ्या. पुष्कळ लोक धुण्यावर वेळ घालवतात आणि खळाळणे उरकून टाकतात; माझ्या अनुभवात धुतल्यानंतर तबकडी पूर्वीपेक्षा जास्त करकरते ती खळाळणे अपुरे राहिल्यामुळे. साबणाचा पापुद्रा खाचेत सुकतो आणि सुई तो खरवडत जाते.

शेवटी वाळवणे. ताटे ठेवायच्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या मांडणीत तबकड्या उभ्या ठेवा, पंखा दुरून लावा. ऊन नको, केस वाळवायचे यंत्र तर मुळीच नको. व्हिनाइल साठ-सत्तर अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडू लागते आणि आपल्याकडे मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीचा आतला भाग त्या तापमानाजवळ सहज जातो. रात्रभर वाळू द्या आणि नव्या पाकिटातच घाला. जुन्या पाकिटात परत घातली तर धुण्याला काही अर्थ राहत नाही.

कुळागर

शुद्ध पाणी म्हणजे नेमके कोणते? आमच्या विहिरीचे पाणी इतके गोड आहे की पाहुणे बाटल्या भरून नेतात.

मांडवी

कुळागर बाब, विहिरीचे पाणी पिण्यासाठी गोड असण्याचे कारणच त्यातले क्षार. ते पाणी वाळले की क्षार खाचेत उरतात. नळाच्या पाण्यात क्षारांबरोबर क्लोरीनही असते. ऊर्ध्वपातित किंवा क्षारमुक्त पाणी घ्या, ते गाडीच्या बॅटरीच्या दुकानात आणि औषधांच्या दुकानात मिळते. बाटली विकत घेताना ती सीलबंद आहे ना एवढे पाहा. खात्री करायची असल्यास काचेच्या स्वच्छ तुकड्यावर एक थेंब वाळू द्या. डाग उमटला तर ते पाणी तबकडीसाठी नाही. पहिले खळाळणे नळाच्या पाण्याने आणि शेवटचे शुद्ध पाण्याने करणारेही आहेत, मोठा ढीग असेल तर तसे केल्याने खर्च कमी होतो.

तिनसांज

मांडवीताईंची कृती व्हिनाइलसाठी उत्तम आहे. लाखेच्या तबकड्यांना मात्र पाणी लावूच नये असे माझे मत आहे. आमच्या वडिलांनी आयुष्यभर ७८ च्या तबकड्या जमवल्या आणि त्यांना त्यांनी मखमलीच्या कोरड्या गादीखेरीज काही लावले नाही. लाखेत जी दगडाची पूड आणि कापूस असतो तो पाणी शोषतो. केसासारखा बारीक तडा असेल तर पाणी आत जाते, भर फुगते आणि खाच उचलली जाते. काही जुन्या तबकड्यांत तर दोन थरांमध्ये कागद असतो. कडेचा टवका उडालेला असेल तर पाणी थेट त्या कागदापर्यंत पोहोचते.

अबोली

तिनसांज, तडे आणि टवके गेलेल्या तबकड्यांबाबत तुमचे म्हणणे शंभर टक्के बरोबर आहे. तरीही वडिलांच्या तबकड्या आणि खाजन यांच्या तबकड्या यांत फरक आहे. तुमच्या घरी त्या रोज हाताळल्या जात होत्या, रोज पुसल्या जात होत्या. खाजन यांच्या तबकड्या किती पावसाळे माळ्यावर पडून होत्या कोण जाणे. त्यांच्या खाचांत पोलादी सुयांची झीज, धूळ आणि दमट हवा मिळून घट्ट खळ झालेली असते आणि ती कोरड्या मखमलीने निघत नाही. अखंड, तडा नसलेली लाखेची तबकडी थोड्या वेळात धुऊन लगेच टिपली तर तिला अपाय होत नाही. जगभरचे ध्वनिसंग्रह तसे करतात. पाणी खोलीच्या तापमानाचे असावे, कोमटही नको, आणि तबकडी बुडवून ठेवू नये. धुण्यापूर्वी खिडकीशी तिरपी धरून दोन्ही बाजूंनी तडे शोधावेत.

तिनसांज

लगेच टिपणे आणि तडे पाहणे या दोन अटी पाळल्या जात असतील तर माझा विरोध नाही. मात्र केसरबाईंच्या तबकड्यांपासून सुरुवात करू नका, खाजन. ज्यांच्या प्रती सहज मिळतात अशा एखाद्या तबकडीवर हात बसू द्या.

कुळागर

केसरबाईंचा विषय निघालाच आहे तर लिहितो. त्यांचा जन्म १८९२ साली आमच्याच फोंडा तालुक्यातील केरी गावचा. त्यांच्या भैरवीची जी ७८ ची तबकडी निघाली, तेच ध्वनिमुद्रण १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्या निवर्तल्या. यानावरची तबकडी तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली. तिला ना बुरशी, ना कसर. इथे पृथ्वीवर, त्यांच्या स्वतःच्या तालुक्यात, त्याच गायिकेच्या लाखेच्या तबकड्या माळ्यावर धूळ खात आहेत याचे मला मनापासून वाईट वाटते. खाजन, तुम्ही त्या वाचवत आहात याबद्दल आभार.

रापण

मोगूबाई कुर्डीकरांच्या, मास्टर दीनानाथांच्या तबकड्या आहेत का पाहा. लेबलाबरोबरच लेबलाच्या कडेशी, खाचा संपतात त्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेले क्रमांकही उतरवून घ्या. एकाच गाण्याच्या दोन वेगवेगळ्या मुद्रणांतला फरक त्या क्रमांकांवरूनच कळतो. मुंबईत १९९० साली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संग्राहकांची संस्था स्थापन झाली. अशा मंडळींना नुसत्या नावांपेक्षा हे क्रमांक अधिक उपयोगी पडतात. ही यादी धुण्याआधी करावी, कारण धुताना एखाद्या लेबलाला पाणी लागलेच तर मजकूर तरी हाती राहील.

खाजन

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वर्गवारी केली. ७८ च्या तबकड्यांपैकी काहींना कडेला तडे आहेत, त्या वेगळ्या ठेवल्या. आता पांढऱ्या ठिपक्यांबद्दल विचारतो. लाखेच्या तबकड्यांवर ते कापसासारखे, गोलाकार आहेत. फादोच्या दोन लाँग प्लेवर मात्र ठिपके नसून सगळीकडे एकसारखा धूसर पडदा आहे आणि तो पुसला तरी जात नाही. दोन्ही बुरशीच आहेत का? गोंदाबद्दलही कुणी लिहिले नाही.

रसायनवाचक

दोन्ही वेगळे आहेत. कापसासारखे ठिपके म्हणजे बुरशी. बोटांचा तेलकटपणा, कागदाची धूळ आणि लाख स्वतःही तिला खाद्य पुरवते, कारण लाख हा जैविक पदार्थ आहे. हे काम घरात करू नका. बल्कांवात, म्हणजे दारापुढच्या बैठकीच्या ओसरीत, किंवा अंगणात, वाऱ्याची दिशा पाहून, नाकातोंडावर चांगला मास्क लावून, हातमोजे घालून मऊ ब्रशने कोरडी बुरशी झाडा आणि तो ब्रश दुसऱ्या तबकड्यांना वापरू नका. दमा किंवा श्वासाचा विकार असलेल्या व्यक्तीने तिथे थांबू नये. जुनी पाकिटे वाचवण्यासारखी नसतील तर त्यांवरचा मजकूर टिपून ती घराबाहेर काढा. झाडल्यानंतर मांडवी यांची कृती करा. बुरशीने जिथे पृष्ठभाग खाल्ला आहे तिथे फिकट डाग राहील आणि वाजवताना तो भाग खरखरेल. ती खूण कायमची आहे, ती घालवण्यासाठी घासत बसू नका.

धूसर पडदा वेगळ्या कारणाने येतो. त्या लाँग प्ले मऊ पारदर्शक पीव्हीसीच्या पाकिटात असतील. ते प्लॅस्टिक लवचिक राहावे म्हणून घातलेले तेलकट द्रव्य उष्ण, दमट हवेत बाहेर येते आणि तबकडीवर उतरते. धुऊन थोडा फरक पडेल, पण त्याने व्हिनाइलच्या पृष्ठभागावर परिणाम केला असेल तर पडदा राहतो. ती पाकिटे मात्र आजच काढा.

म्हापशाचा_श्रोता

गोंदाबद्दल मी सांगतो. लाकूडकामाचा पांढरा गोंद तबकडीवर जाड पसरून, पुरता वाळल्यावर अखंड सोलून काढला की खाचेतला मळ त्याला चिकटून येतो, हे व्हिनाइलवर घडताना मी पाहिले आहे. पण आपल्या हवेत गोंद नीट वाळायला फार वेळ लागतो, अर्धवट वाळलेला सोलला की त्याचे तुकडे खाचेत अडकतात आणि ते काढणे मूळ मळ काढण्यापेक्षा कठीण जाते. लाखेच्या तबकडीवर तर ती पद्धत विचारातही घेऊ नये. ठिसूळ पृष्ठभाग गोंदाबरोबर निघून येऊ शकतो.

तिनसांज

स्वच्छतेकडून काय अपेक्षा करावी हेही खाजन यांना कळायला हवे. धुतल्यावर सतत येणारी बारीक करकर कमी होते. खाच झिजलेली असेल तर आवाज फाटतो आणि ते पाण्याने सुधारत नाही. जुन्या ग्रामोफोनच्या पोलादी सुया एका बाजूपुरत्या वापरून टाकायच्या असत; लोक काटकसरीने त्या पुन्हा पुन्हा वापरत, म्हणून पुष्कळ तबकड्यांच्या खाचा राखाडी दिसतात. ओरखडा ओळखायचा असेल तर टकटक ठरावीक अंतराने येते का ते ऐका. ३३⅓ च्या तबकडीत ती दर १.८ सेकंदांनी येते, ७८ मध्ये सेकंदाला एकाहून थोडी जास्त वेळा. अशी ठेक्यातली टकटक म्हणजे ओरखडा. तिच्यासाठी तबकडी पुन्हा पुन्हा धुऊ नका.

रापण

आणि धुतलेली ७८ लाँग प्लेच्या सुईने वाजवू नका. ७८ ची खाच कितीतरी रुंद असते. तिची सुई टोकाशी साधारण तीन हजारांश इंच त्रिज्येची, लाँग प्लेची एक हजारांश इंच किंवा त्याहूनही बारीक. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाला जाऊन तिथला उरलासुरला कचरा खरवडते आणि आवाजही पातळ येतो. जुन्या चावीच्या ग्रामोफोनवर व्हिनाइल लावणे त्याहून वाईट, कारण त्याच्या जड बाहूखाली व्हिनाइल एकदाच वाजते.

कुळागर

आता जुलै आहे. हे सगळे आत्ता करायचे की पावसाळा संपण्याची वाट पाहायची? आमच्याकडे तर पापडसुद्धा डब्यातून काढल्याबरोबर सादळतात.

मांडवी

धुण्याचे काम दिवाळीनंतर करावे असे माझे मत आहे. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात जुलैमध्ये खाचेतले पाणी वेळेत वाळत नाही आणि ओलसर तबकडी पाकिटात गेली की बुरशीचे नवे पीक येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ही आपली खरी वेळ.

रसायनवाचक

इथे मी थोडा वेगळा विचार मांडतो. धुणे थांबू शकते, बुरशी थांबत नाही. बुरशी असलेल्या तबकड्या आजच वेगळ्या काढून, पाऊस उघडलेल्या दिवशी कोरड्या झाडून, वातानुकूलित किंवा आर्द्रताशोषक यंत्र असलेल्या खोलीत ठेवाव्यात. आर्द्रता मोजण्याचे छोटे यंत्र स्वस्तात मिळते. संग्रहालये ४० ते ५० टक्के आर्द्रता राखतात, आपल्याकडे पावसाळ्यात ती ८०-९० टक्क्यांवर जाते. घरी ६० टक्क्यांच्या खाली ठेवता आली तरी बुरशीची वाढ बरीच रोखली जाते. रंग बदलणारे सिलिका जेल बंद पेटीत ठेवता येईल, रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरता येते. डांबरगोळ्या आणि कापूर पेटीत टाकू नका. त्यांची वाफ बंद जागेत पुन्हा वस्तूंवर बसते.

मांडवी

हे पटले. आत्ता कोरडे काम, हिवाळ्यात ओले काम.

अबोली

ठेवण्याबद्दल एवढेच की सगळ्या तबकड्या उभ्या, सरळ आणि एकाच आकाराच्या एकत्र ठेवा. आडव्या थप्पीत खालची लाखेची तबकडी वजनाने तडकते आणि तिरक्या ठेवलेल्या व्हिनाइलला बाक येतो. भिंतीला लागून कपाट नको, पावसाळ्यात आपल्या चिऱ्याच्या भिंती ओल धरतात. लाकडी फळी जमिनीपासून वर असावी, म्हणजे वाळवी लागली तर वेळेवर दिसते.

खाजन

शेवटचा प्रश्न पाकिटांचा. लाँग प्लेसाठी मऊ पॉलिथीनची आतली पाकिटे मागवली आहेत. दहा इंची ७८ साठी तयार पाकिटे मिळत नाहीत. तोपर्यंत वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवू का?

अबोली

वर्तमानपत्र नको. त्याचा कागद आम्लयुक्त असतो आणि शाई तबकडीवर उतरते. चित्रकलेच्या किंवा पुस्तकबांधणीच्या साहित्याच्या दुकानात आम्लमुक्त कागदाचे मोठे ताव मिळतात. साडेदहा इंच रुंद आणि एकवीस इंच लांब पट्टी कापून मधोमध दुमडा, दोन्ही बाजूंच्या कडांना एकेक इंचाची वेगळी पट्टी बाहेरून चिकटवा, म्हणजे गोंद आत येणार नाही. गोंद पूर्ण वाळल्यावरच तबकडी घाला. ७८ साठी प्लॅस्टिकचे पाकीट वापरू नका, आपल्या हवेत त्यात ओल कोंडते. तडा गेलेल्या तबकड्यांना दोन्ही बाजूंनी त्याच मापाचे आम्लमुक्त पुठ्ठे लावा, सुती फितीने सैल बांधा आणि वर स्पष्ट लिहा की ही वाजवायची नाही.

खाजन

ताव उद्या मडगावहून आणतो. बुरशीच्या तबकड्या आज दुपारी बल्कांवात झाडल्या, त्या पडवीलगतच्या कोरड्या खोलीत वेगळ्या ठेवल्या आहेत आणि पीव्हीसीची पाकिटे काढून टाकली. रापण यांनी सांगितल्याप्रमाणे लेबले आणि कोरीव क्रमांक उतरवायला घेतले असून पहिली यादी इथेच देईन. मास्टर दीनानाथांची एक तबकडी निघाली आहे, तिचा क्रमांक अंधुक आहे, तो भिंग घेऊन वाचावा लागेल.

रापण

क्रमांकावर सरळ प्रकाश टाकू नका. टॉर्च तबकडीच्या पातळीला आडवी धरा, कोरलेले अंक सावलीने उठून दिसतील. खडू किंवा पावडर भरून वाचण्याचा प्रयत्न करू नका.